कॅरिओटाइपच्या अहवालात ‘४६, एक्सवाय’ आले आहे. भाचीला काय आणि कसे सांगावे?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. विषय नाजूक आहे, म्हणून नेहमीचे नाव न वापरता लिहीत आहे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी सतरा वर्षांची आहे आणि यंदा बारावीची परीक्षा देणार आहे. तिला अद्याप पाळी आलेली नाही. बाकीची वाढ वयाप्रमाणे झाली आहे, उंची तर आमच्या घरातल्या सगळ्या बायकांहून जास्त आहे, त्यामुळे ‘काहींना उशिरा येते’ असे म्हणत ताईने दोन वर्षे काढली. शेवटी दिवाळीनंतर तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भाशय दिसत नाही आणि दोन्ही जांघांच्या वरच्या बाजूला एकेक लहान ग्रंथी दिसते, असे सांगण्यात आले. मग कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, रक्त पुण्याला पाठवले गेले आणि तीन आठवड्यांनी अहवाल आला तो ‘४६, एक्सवाय’ असा.

अहवाल पाहून तिथल्या डॉक्टरांनी ताई आणि दाजींना आत बोलावले आणि ‘ही मुळात मुलगी नाही, मुलगा आहे, पोटात अंडकोष आहेत, ते लगेच काढले नाहीत तर कॅन्सर होईल’ असे सांगून पुढच्या आठवड्याची शस्त्रक्रियेची तारीखही दिली. भाची त्या वेळी बाहेर बाकावर बसली होती. तिला अजून कोणीही काही सांगितलेले नाही, पण आई रडते आणि वडील बोलत नाहीत एवढे तिला दिसतेच आहे. तारीख आम्ही तूर्त पुढे ढकलली आहे.

उपयोगी पडेल म्हणून आणखी दोन गोष्टी नोंदवते. भाची दहा महिन्यांची असताना तिच्या दोन्ही बाजूंच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती. दुसरे असे की, आमच्या आईच्या एका मावशीला कधीच पाळी आली नव्हती. लग्न होऊन दोन वर्षांत तिला माहेरी पाठवण्यात आले आणि पुढचे सगळे आयुष्य तिने भावाच्या घरी काढले. घरात तिच्याविषयी कधी मोकळेपणाने बोलले गेले नाही.

मी वाणिज्य शाखेची आहे. शाळेत शिकलेले ‘एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा’ एवढेच मला ठाऊक आहे. मग सतरा वर्षे मुलगी म्हणून वाढलेल्या, दिसायलाही सर्वार्थाने मुलगी असलेल्या मुलीच्या रक्तात एक्सवाय येतेच कसे? अहवाल चुकला असण्याची शक्यता आहे का? आणि शस्त्रक्रिया खरोखर इतकी तातडीची आहे का? भावनिक आधार देणारी वाक्ये आम्हाला पुष्कळ मिळाली आहेत; जाणकारांनी नेमके घडते काय ते समजावून सांगावे, ही विनंती.

सूक्ष्मदर्शक (प्रतिसाद)

मी गुणसूत्र-तपासणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काम करून निवृत्त झालो. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांविषयी बोलणार नाही. परंतु ज्या कागदाने तुमच्या घराची झोप उडवली आहे, तसे हजारो कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. म्हणून तो कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढे लिहितो.

हिरव्या टोपणाच्या नळीत आलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस उबेत वाढवल्या जातात. त्यांना विभाजनाला प्रवृत्त करणारे द्रव्य राजम्यासारख्या शेंगवर्गीय दाण्यांतून मिळते, आणि विभाजन नेमक्या क्षणी थांबवण्यासाठी वापरतात त्या कोल्चिसिनचा एक स्रोत म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणारी कळलावी. (वार लवकर पडावी म्हणून तिचा कंद वापरण्याची जुनी रीत होती, कंद विषारी असतो, हेही सांगून ठेवतो.) पेशी फुगवून, काचपट्टीवर पसरून, गिम्सा रंगाने पट्टे उमटवून साधारण वीस पेशींतील गुणसूत्रे मोजली जातात आणि मग ‘४६, एक्सवाय’ असे लिहिले जाते. नळ्यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून मनात शंका असेल तर दुसऱ्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी. मात्र तुम्ही सांगितलेली लक्षणे या अहवालाशी इतकी जुळतात की तो चुकला असेल, असे मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. त्या कागदावर गुणसूत्रांची संख्या आणि रचना लिहिलेली असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहिलेले नसते. ते डॉक्टरांनी स्वतःच्या पदरचे जोडले. गुणसूत्रापासून शरीरापर्यंत जाताना बऱ्याच पायऱ्या असतात आणि पुढची पायरी मागचीवर अवलंबून असली, तरी ती आपोआप चढली जात नाही.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याची जननग्रंथी कोणत्याच बाजूची नसते. तिचे अंडाशयही होऊ शकते आणि वृषणही (म्हणजे अंडकोष). गर्भाशय घडवणारी नलिका आणि शुक्रवाहिनी घडवणारी नलिका अशा दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात हजर असतात. वाय गुणसूत्राच्या टोकाजवळ ‘एसआरवाय’ नावाचे एक छोटे जनुक आहे. सातव्या आठवड्याच्या सुमारास ते थोडा काळ जागे होते, सतराव्या गुणसूत्रावरील ‘सॉक्स-९’ या जनुकाला कामाला लावते आणि ग्रंथीचे वृषण होऊ लागते. तिथून दोन वेगवेगळे निरोप निघतात. पहिला अँटी-म्युलेरियन हार्मोनचा असतो आणि त्याने गर्भाशयाची नलिका विरून जाते. दुसरा टेस्टोस्टेरॉनचा असतो. त्यातून शुक्रवाहिन्या टिकतात आणि त्याचेच अधिक प्रभावी रूप असलेल्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळे बाहेरची पुरुष-इंद्रिये घडतात. एकोणीसशे चाळीसच्या दशकात आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या गर्भातील ग्रंथी काढून पाहिल्या, तेव्हा गुणसूत्रे कोणतीही असोत, पिलांची जननेंद्रिये मादीची झाली. पुरुषाचे शरीर घडण्यासाठी निरोप जावे लागतात, हे तेव्हापासून माहीत आहे.

टेस्टोस्टेरॉनचा निरोप पेशीने ऐकायचा, तर पेशीत एक ग्राही प्रथिन असावे लागते. हे प्रथिन घडवणारे जनुक वायवर नाही, एक्सवर आहे. ते निकामी असेल तर शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसे, कित्येकदा नेहमीपेक्षा जास्तच असते, पण एकाही पेशीला त्याचा पत्ता लागत नाही. या स्थितीला पूर्ण अँड्रोजन-असंवेदनशीलता म्हणतात (टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोनांना अँड्रोजन म्हणतात), आणि तुमच्या भाचीचे वर्णन तिच्याशी शब्दशः जुळते. अँटी-म्युलेरियन हार्मोनचा ग्राही वेगळा असल्यामुळे तो पहिला निरोप पोहोचला, म्हणून गर्भाशय घडले नाही. दुसरा पोहोचलाच नाही, म्हणून बाहेरील शरीर जन्मापासून मुलीचे. वयात येताना वाया जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे शरीर इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, म्हणून स्तनांची वाढ व्यवस्थित होते. काखेत आणि जांघेत केस विरळ असतात, कारण ते उगवणे टेस्टोस्टेरॉनच्या हातात असते. तिच्या उंचीतही या स्थितीचा वाटा असावा.

हर्नियाची नोंद तुम्ही केलीत ते फार चांगले झाले. हर्निया झालेल्या मुलींपैकी सुमारे शंभरात एकीमध्ये हीच स्थिती निघते, म्हणून कित्येक बालशल्यविशारद अशा वेळी हर्नियाच्या पिशवीतील ग्रंथी नीट पाहतात. आईच्या मावशीविषयी तुम्ही लिहिले आहे तेही योगायोगाचे वाटत नाही, पण त्याकडे नंतर येऊ.

खडूफळा (प्रतिसाद)

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. वरील विवेचन आवडले, तरी एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. प्रश्नकर्तीचे मन दुखावण्याचा हेतू नाही. वाय गुणसूत्र आहे आणि वृषणे आहेत, म्हणजे विज्ञानाच्या व्याख्येने ती व्यक्ती नर ठरते. तिला मुलगी म्हणणे ही आपली सहानुभूती झाली. ते विज्ञान कसे? तसे असेल तर आम्ही वर्गात शिकवतो तो तक्ताच चुकीचा म्हणायचा का? टर्नर (एक एक्स कमी) आणि क्लाइनफेल्टर (एक एक्स जास्त) हे अपवाद आम्हीही शिकवतो, पण ते गुणसूत्रांच्या संख्येतील बिघाड म्हणून. येथे संख्या तर अचूक ४६ आहे.

सूक्ष्मदर्शक (खडूफळा यांस)

सर, तक्ता चुकीचा नाही. तो बहुसंख्यांचा आहे, एवढेच. अडचण होते ती त्या तक्त्याला व्याख्या समजल्यामुळे. आणि ज्या दोन अपवादांचा आपण उल्लेख केलात, त्यांनीच या विषयाचा पाया घातला आहे.

नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातील किड्यांत लहान वाय गुणसूत्र पाहिले. मात्र माणसात ते नेमके काय करते हे पुढे अर्धशतक कळलेले नव्हते, कारण सगळे उत्तर फळमाशीवरून काढले जात होते. फळमाशीत वायला लिंगनिर्धारणात स्थान नाही. तिथे एक्सची संख्या निर्णायक असते, त्यामुळे एक्सएक्सवाय माशी मादी असते आणि एकच एक्स असलेली नर. माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हेदेखील १९५६ मध्ये निश्चित झाले. तोवर सर्वत्र ४८ शिकवली जात होती. १९५९ मध्ये क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषांत ४७, एक्सएक्सवाय आणि टर्नर असलेल्या स्त्रीत ४५, एक्स सापडले, तेव्हा समजले की माणसाचा हिशेब माशीच्या उलट आहे. एक्स कितीही असोत, वाय असले तर सहसा वृषण घडते.

‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. १९६४ मध्ये फिनलंडमधील आल्बर्ट द ला शापेल यांनी ४६, एक्सएक्स असलेल्या पुरुषाचे वर्णन केले. वाय नाही आणि तरी वृषणे आहेत, हे कोडे पंचवीस वर्षे टिकले. वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना वायचा इवलासा तुकडा चुकून एक्सवर जाऊ शकतो. अशा पुरुषांकडील त्या तुकड्याचा माग काढतच १९९० मध्ये लंडनमध्ये पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांना एसआरवाय सापडले. पुढच्याच वर्षी ते जनुक एक्सएक्स उंदराच्या भ्रूणात घातले आणि त्याचा नर झाला. याच्या बरोबर उलट स्वायर स्थिती आहे. तिथे गुणसूत्रे ४६, एक्सवाय असतात, पण ग्रंथीचे वृषण होतच नाही. त्यामुळे दोन्ही निरोप जात नाहीत आणि गर्भाशय शाबूत राहते. अशा स्त्रिया दान केलेल्या बीजाच्या साहाय्याने गर्भवती राहून बाळंत झालेल्या आहेत. आपल्या व्याख्येने त्यांना काय म्हणायचे, सर?

क्लाइनफेल्टर हा ‘बिघाड’ साधारण सहाशे मुलग्यांत एकाला असतो आणि त्यांतील बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. कळला तर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर कळतो. टर्नर साधारण दोन ते अडीच हजार मुलींत एकीला असतो. एक एक्स जास्त झाला तरी माणूस निभावतो, कारण मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडल्याप्रमाणे प्रत्येक पेशी एक एक्स चालू ठेवून बाकीचे मिटून टाकते. परंतु मिटलेल्या एक्सवरील काही जनुके जागीच राहतात. त्यांपैकी ‘शॉक्स’ या जनुकाची एक प्रत कमी पडल्यामुळे टर्नर असलेल्या मुलींची उंची खुंटते, आणि एक प्रत जास्त असल्याने क्लाइनफेल्टर असलेले पुरुष उंच होतात. हे उदाहरण वर्गात घेऊन पाहा; मुले लगेच कान टवकारतात.

आपली व्याख्या प्रत्यक्षात वापरून पाहिली गेली आहे, ती क्रीडाक्षेत्रात. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंच्या गालाच्या आतील पेशी तपासल्या जात. स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे या चाचणीत अडकली. तिला हीच असंवेदनशीलता होती, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा लाभ तिच्या स्नायूंना इतर स्पर्धक बायकांपेक्षाही कमी मिळत होता. पदके, शिष्यवृत्ती आणि साखरपुडा, सगळे मोडले. १९८८ मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली. १९९६ च्या अटलांटा स्पर्धेत तपासलेल्या ३,३८७ महिलांपैकी आठ जणींत वायचे जनुक आढळले, त्यांपैकी सात जणींना कमी-अधिक प्रमाणात अँड्रोजन-असंवेदनशीलता होती, आणि आठही जणींना खेळू दिले गेले. त्या सरसकट चाचण्या १९९९ मध्ये बंद झाल्या. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने एसआरवाय चाचणी पुन्हा आणली आहे, पण त्या नियमातही पूर्ण असंवेदनशीलता असलेल्या खेळाडूंना महिला गटात राहण्याची मुभा ठेवावी लागली. म्हणजे जनुकावर बोट ठेवून व्याख्या करणाऱ्यांनाही पुढच्या पायऱ्या मोजाव्या लागल्याच.

अंतःस्राव (प्रतिसाद)

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांची डॉक्टर आहे. रुग्णाला न पाहता निदान करता येत नाही, तरीही तारीख पुढे ढकललीत हे योग्य केलेत, एवढे निःशंकपणे सांगते.

कॅन्सरची भीती कोठून आली असावी हे मला कळते. वर ज्या स्वायर स्थितीचा उल्लेख झाला, तिच्यात अर्धवट घडलेल्या ग्रंथींत गाठ होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून त्या निदान होताच काढतात. असंवेदनशीलतेत चित्र वेगळे असते. तारुण्यापूर्वी धोका अगदी अल्प असतो. प्रौढ वयात तो वाढतो, पण आठवडाभरात निर्णय घ्यावा अशी घाई त्यात नसते. दोन्ही स्थितींच्या कॅरिओटाइपवर एकच ओळ छापून येते, ‘४६, एक्सवाय’, आणि सल्ला मात्र जवळपास उलटा असतो. ती ओळ वाचून थेट शस्त्रक्रियेकडे जाणे म्हणूनच धोक्याचे आहे. गर्भाशय आहे की नाही हे पाहणे, टेस्टोस्टेरॉन, एलएच (जननग्रंथींना चालना देणारे हार्मोन) आणि अँटी-म्युलेरियन हार्मोन मोजणे, आणि शेवटी अँड्रोजन-ग्राहीच्या जनुकाचा क्रम वाचून घेणे, या क्रमाने निदान पक्के करावे. क्वचित फाइव्ह-अल्फा-रिडक्टेजसारख्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असे चित्र निर्माण करते, परंतु तिथे वयात येताना आवाज फुटतो आणि स्तनांची वाढ होत नाही.

या ग्रंथी आज भाचीच्या शरीराला इस्ट्रोजेन पुरवत आहेत. त्या काढल्या की थोड्याच काळात तिला रजोनिवृत्तीसारखा त्रास सुरू होऊ शकतो आणि पन्नाशीपर्यंत दररोज इस्ट्रोजेन घ्यावे लागेल. ते नियमित घेतले नाही तर हाडे विरळ होतील. (गर्भाशय नसल्याने प्रोजेस्टेरॉनची गरज नसते, तरी सवयीने दोन्हींची गोळी लिहिली जाते, म्हणून विचारून घ्यावे.) त्यामुळे अनेक ठिकाणी ग्रंथी तशाच ठेवून सोनोग्राफी किंवा एमआरआयने लक्ष ठेवतात आणि काढायच्या की नाही हे मुलगी सज्ञान झाल्यावर तिच्यावर सोपवतात. काही जणी विचारपूर्वक काढून घेतात, आणि तेही चुकीचे नाही. योनिमार्ग आखूड असू शकतो. त्यासाठी शस्त्रक्रियेची गरज बहुधा पडत नाही, डायलेटरने (मार्ग हळूहळू ताणण्याच्या साधनाने) काम होते, आणि तेदेखील तिला स्वतःला हवे वाटेल तेव्हा.

जाता जाता एक फरक स्पष्ट करते, कारण नातेवाईक सगळे एकत्र करतात. जन्मतः अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीत एका विकराची कमतरता असलेल्या मुली ४६, एक्सएक्स असतात, त्यांना गर्भाशय आणि अंडाशये असतात, पण बाहेरील इंद्रिये मुलग्यासारखी दिसू शकतात. तिथे मात्र खरी घाई असते, कारण शरीरातील मीठ निघून जाऊन बाळ दोन-तीन आठवड्यांत दगावू शकते. गोव्याने २००८ मध्ये नवजात बालकांची टाचेच्या रक्तावरून सरकारी तपासणी सुरू केली, तिच्यात हा विकार होता. ‘इंटरसेक्स’ या एका शब्दाखाली अशा कितीतरी वेगवेगळ्या स्थिती येतात. वैद्यकात २००६ पासून ‘लिंगविकासातील विकार’ अशा अर्थाची संज्ञा रूढ झाली, ती ‘हर्माफ्रोडाइट’ (उभयलिंगी) यांसारखे शब्द टाळण्यासाठी; आता अनेक जण ‘विकार’ऐवजी ‘भिन्नता’ म्हणतात. तृतीयपंथी असणे हा स्वतःविषयीच्या जाणिवेचा प्रश्न असून तो निराळा आहे. तुमच्या भाचीला आपण मुलगी आहोत याविषयी शंका नसेल, तर कॅरिओटाइपने ती निर्माण करण्याचे काही कारण नाही.

आणखी एक. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने इंटरसेक्स बालकांवर, जिवाला धोका नसताना, केवळ लिंग ‘ठरवण्यासाठी’ शस्त्रक्रिया करू नयेत असा निर्णय दिला आणि तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी तसा आदेश काढला. त्या निर्णयाच्या मुळाशी तत्त्व होते की, आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे. तुमची भाची तर काही महिन्यांत अठराची होईल.

शेवंती (प्रतिसाद)

मी एकेचाळीस वर्षांची आहे आणि मला हीच स्थिती आहे. या संकेतस्थळावर बारा वर्षांपासून वावरते, पण याविषयी आज पहिल्यांदा लिहीत आहे.

पंधराव्या वर्षी माझ्या पोटातून काहीतरी काढले गेले. मला सांगितले होते की अंडाशयांना पीळ पडला होता. एकोणतिसाव्या वर्षी घर बदलताना जुनी फाइल सापडली आणि तिच्यात ‘टेस्टिक्युलर फेमिनायझेशन’ असे शब्द होते. (जॉन मॉरिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५३ मध्ये दिलेले हे नाव आता वापरातून गेले आहे, हे मला नंतर कळले.) त्या रात्री मी एकटीने संगणकावर शोध घेतला. मला जे वाचायला मिळाले ते भयंकर नव्हते. आई-वडील, मामा, दोन डॉक्टर आणि एक परिचारिका अशा सगळ्यांना चौदा वर्षे जे माहीत होते ते फक्त मला माहीत नव्हते, हे भयंकर होते. त्या चौदा वर्षांत इस्ट्रोजेनच्या गोळ्या ‘शक्तीच्या’ म्हणून दिल्या जात होत्या आणि मी त्या कंटाळा आला की सोडून देत असे. आज माझ्या मणक्याची घनता माझ्या सासूबाईंपेक्षा कमी आहे.

म्हणून ताईंना एवढेच सांगा की परीक्षा होईपर्यंत थांबू असा विचार करत असाल, तर मुलीला विचारूनच थांबा. ‘तुझ्या तपासण्यांचे निकाल आले आहेत, काळजीचे नाही पण समजून घेण्यासारखे आहे, आता ऐकायचे की परीक्षेनंतर?’ असे विचारता येते. सांगताना ‘अंडकोष’ हा शब्द वापरू नका, ‘जननग्रंथी’ म्हणा. हे खोटे बोलणे नव्हे, कारण त्या ग्रंथी तिच्या शरीरात पुरुषाचे कोणतेच काम करत नाहीत. पाळी येणार नाही आणि मूल पोटी येणार नाही, या दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. त्या हळूहळू कळणे फार वाईट असते. रडू द्या. मी लग्नाआधी माझ्या नवऱ्याला सगळे सांगितले होते. त्याने एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दत्तकाची प्रक्रिया काय असते असे विचारले. आमची मुलगी आता सहावीत आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे प्रतिसाद ताईला वाचून दाखवले. शेवंतीताईंचा तिने दोनदा वाचायला लावला. हर्नियाच्या वेळचा डिस्चार्ज कागद शोधला, त्यावर ‘दोन्ही पिशव्यांत अंडाशय, आत सरकवले’ असे हाताने लिहिलेले आहे.

आता मी सुरुवातीलाच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारते. ग्राहीचे जनुक एक्सवर असते, असे सूक्ष्मदर्शक यांनी लिहिले आहे. ताईची आणि माझी आई एकच. मला एकच मूल आहे, दहा वर्षांची मुलगी. तिला हर्निया वगैरे काही झालेले नाही. तिचीही तपासणी करावी का?

सूक्ष्मदर्शक

हा प्रश्न येईल असे वाटलेच होते. साधारण तीनांतल्या दोन उदाहरणांत जनुकातील बदल आईकडून आलेला असतो आणि तीनांतल्या एकात तो नव्यानेच झालेला असतो. तुमच्या घरात आईच्या मावशीचा इतिहास असल्याने तो तुमच्या आईकडून ताईंकडे आणि त्यांच्याकडून भाचीकडे आला असण्याकडे माझा कल आहे. तसे धरले, तर तुम्ही वाहक असण्याची, म्हणजे तो बदल तुमच्या एका एक्सवर असण्याची, शक्यता निम्मी आहे. वाहक स्त्रीला दुसरा एक्स धड असल्याने स्वतःला सहसा काहीच होत नाही.

आता मुलीचा हिशेब. वाहक स्त्रीची चार मुले कल्पिली तर त्यांत नेहमीसारखा मुलगा एक, एक्सवाय असलेली असंवेदनशील मुलगी एक, वाहक मुलगी एक आणि वाहक नसलेली मुलगी एक, म्हणजे दिसायला मुली तीन. वाहक नसलेल्या स्त्रीच्या चार मुलांत दोन मुलगे आणि दोन मुली. तुम्ही दोहोंपैकी कोणत्या गटात आहात हे ठाऊक नसल्यामुळे दोन्ही गटांतील मुली एकत्र करा: पाच मुली, त्यांत एक असंवेदनशील. तुमची आई वाहक असेल तर तुमच्या मुलीची शक्यता अशी पाचात एक भरते, आणि हर्निया झाला नाही म्हणून ती थोडी आणखी उतरते. शून्य मात्र होत नाही.

पण मुलीपासून सुरुवात करू नका. आधी भाचीच्या जनुकातील नेमका बदल सापडू द्या, मग तोच बदल ताईंमध्ये आणि तुमच्यामध्ये शोधा. तुमच्यात नसेल तर विषय तिथेच मिटतो आणि मुलीच्या दंडाला सुई लागत नाही. असेल, तर तिचा एक कॅरिओटाइप पुरेसा आहे. या वयात गर्भाशय इतके लहान असते की सोनोग्राफीवर भिस्त ठेवू नये. कॅरिओटाइपमध्ये एक्सएक्स आले, तर ती वाहक आहे की नाही हे शोधण्याची आज गरज नाही. ते तिने मोठी झाल्यावर स्वतः ठरवावे.

कृष्णाकाठ

आभार. भाचीला रविवारी सांगितले. तिने आता ऐकायचे असे म्हटले. थोडा वेळ रडली, मग अहवाल स्वतः वाचायला मागितला आणि त्यातल्या छायाचित्रातील गुणसूत्रे बोटाने मोजली. पुण्यात अंतःस्रावी तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. हर्नियाचा कागदही सोबत नेणार आहोत. आत पहिल्यांदा आपण एकटीच जाणार, असे तिने सांगितले आहे, तेव्हा ताई, दाजी आणि मी बाहेर बाकावर बसू.